रेशमी बुरख्यातला तक्क्या

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा गाढव आहे. जन्म मस्कतचा, पण आयुष्य गेले झांजीबारच्या राजवाड्यात. मी ओरडलो की ओहोटीचे पाणी घाबरून किनाऱ्याला परत येई. यातले निम्मे तरी खरे धरा. मी भित्रा होतो, हे मात्र पुरते खरे आहे.

माझी मालकीण बीबी झुवेना, सुलतानाची धाकटी बहीण. ती घोडा पिटाळी, भरसमुद्रात पोहे आणि भावाला तोंडावर बोले. माझ्या पायांना ती स्वतः मेंदी लावी.

एके सकाळी सुलतानाने चिडून तिची दाई जाफरानी एका व्यापाऱ्याला विकली. "दूध पाजणारी गेली की हिची मस्ती उतरेल," असे तो म्हणाला. दुपारच्या भरतीला व्यापाऱ्याचे गलबत सुटणार होते.

बीबी तबेल्यात आली आणि मोतद्दार फेरूझीला म्हणाली, "तुझा झगा आणि फेटा दे."

"बीबी, माझं डोकं जाईल."

"डोकं ठेव तुझ्याकडे. फेटा दे."

तिने माझ्या पाठीवर एक लांब तक्क्या बांधला, त्यावर आपला रेशमी बुरखा चढवला आणि मोतद्दाराच्या वेशात माझा लगाम धरून निघाली. आमच्याकडे राजघराण्यातली बाई रस्त्याने निघाली की पुरुषांनी भिंतीकडे तोंड करायचे. बीबी आवाज जाड करून हाळी देई, "बाजूला व्हा, बीबीची स्वारी येतेय." लगेच मासेवाला वळे, न्हावी वळे, अर्ध्या दाढीचे गिऱ्हाईकही वळे. पाठीवरची राजकन्या डावीकडे कलत होती आणि मी उजवीकडे झुकून तिला सावरत होतो.

व्यापाऱ्याच्या आवारातही सगळे भिंतीकडे वळले. जाफरानी खांबाला बांधलेली होती.

"झुवेना? चालती हो. तुला मारतील."

"आई, हळू. मी मोतद्दार आहे."

"असला कसला मोतद्दार, साधी गाठ सुटत नाही."

बीबीने गाठीला दात लावले. गलबतावर ढोल वाजू लागला. अखेर गाठ सुटली. तक्क्या खाली आला, बुरखा घेऊन जाफरानी वर बसली.

फाटकाशी व्यापाऱ्याचा म्हातारा रखवालदार होता, बराका. तोही गुलामच. त्याने मान वळवली आणि रेशमाखालचे भेगाळलेले पाय पाहिले.

"रेशीम खाली ओढ, पोरा," तो हळूच म्हणाला. "बीबीचे पाय दिसतायत."

आणि त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

आम्ही थेट बीबीच्या लवंगांच्या बागेत गेलो. राजवाड्याने तिला परत बोलावले नाही, तीही गेली नाही. "आता तू कुणाची नाहीस," असे तिने जाफरानीला सांगितले. त्यावर जाफरानी म्हणाली, "मग जेवायला कोण घालणार तुला?"

मी तिथे महिनाभर मिरवलो. मग फेरूझीने बातमी आणली. जाफरानी निसटल्याने गलबतावर एक माणूस कमी पडला, म्हणून व्यापाऱ्याने तिच्या जागी बराकाला चढवले होते. त्या दिवशी माझ्या तोंडातला घास तसाच राहिला.

मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराला दाणापाणी द्या, हे मी सांगणारच. पण ज्याच्यामुळे तुम्ही सुटलात, तो मागे राहिला असेल, तर त्याचे काय झाले ते विचारा. उत्तराची भीती वाटली तरी विचारा. दर मोसमाला गलबते परतली की बीबी अजून किनाऱ्यावर जाते आणि एकेका खलाशाला थांबवते. मी तिच्या मागे उभा असतो आणि कुणी "हो, पाहिला होता" म्हणेल, म्हणून कापत असतो.