पुढच्या हुकावरचा कोट

वडील गेले तरी लाँड्री बंद करायची नाही, असं आईने ठरवलं. पण कुठला कपडा कोणाचा, हे सगळं त्यांच्याच डोक्यात होतं. दुकान आईच्या हातून निसटू नये म्हणून मुलीने सॉफ्टवेअर करायचं मनावर घेतलं आणि क्लासला नाव घातलं.

"कोडला इतक्यात हात लावायचा नाही," मॅडमनी बजावलं. "दुकानातली एकेक गोष्ट म्हणजे ऑब्जेक्ट. तिला काय ठाऊक असतं, ती काय करते आणि तिला ते करायला कोण लावतं, एवढंच काढा."

तिने चौकटी काढल्या: गिऱ्हाईक, कपडा, चिठ्ठी. मग कपड्याच्या अवस्था: आला, धुतला, तयार, नेला. खाली दुकानातले खरे कपडे एकेक करून मांडले.

"आणि हा कोट?" मॅडमचं बोट थांबलं. "हा 'तयार'वरच अडकलाय."

"न्यायला कोणी नाही."

"गिऱ्हाईक पळालं असेल, मॅडम!" मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिरा.

कोट वडिलांचा होता. अंथरूण धरण्याआधी त्यांनीच तो धुऊन, इस्त्री करून, चिठ्ठी लावून टांगला होता.

"ज्याला कोणी नेत नाही ते तिथेच राहणार, बाई. नेणारा शोधा. आणि 'कपडा पुढे आणणे', हे कोण करतं?"

ती वडिलांची सवय. आज कोण येणार याचा सकाळीच अंदाज बांधून त्याचा कपडा दांडीच्या पुढच्या हुकावर आणून ठेवायचे. अंदाज सहसा चुकत नसे. आता रोज सकाळी तिथे तो कोट असायचा. ती मागे सरकवायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे. 'पुढे आणणे'चा बाण जिथून निघतो तिथे तिने लिहिलं: आई.

दुकानात आल्यावर ती म्हणाली, "आई, कोट पुढे नको ना आणत जाऊस."

आईची इस्त्री हवेतच राहिली. "मी? अगं, मला वाटलं तूच आणतेस. म्हटलं, पोरीचा जीव गुंतलाय, कशाला बोला."

दोघींनी कोटाकडे पाहिलं.

मग मुलगी काउंटरला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "आमचा कोट झाला का हो?"

आईने इस्त्री खाली ठेवली. तिने कोट उतरवला, चिठ्ठी फाडली आणि वडील म्हणायचे तसंच म्हणाली, "बटणं बघून घ्या हं. मागाहून तक्रार नको."

मुलीने बटणं बघितली. एक त्यांनी स्वतः शिवलेलं होतं, भलत्याच रंगाच्या दोऱ्याने. कोट छातीशी धरून ती घरी गेली.

दुसऱ्या सकाळी पुढचा हुक रिकामा नव्हता. तिथे एक निळी दुलई होती, महिनोन्‌महिने मागे पडून राहिलेली.

"तू?" आईने विचारलं. मुलीने नकारार्थी मान हलवली.

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात खालून एक बाई वाकून म्हणाली, "दुलई आहे का हो अजून? गावाला होते, राहूनच गेली."

दुपारी मुलीने डायग्राम उघडला. कोटापासून 'नेला'पर्यंत रेघ ओढली. मग 'पुढे आणणे'च्या बाणाच्या सुरुवातीला लिहिलेलं 'आई' खोडलं. तिथे दुसरं काही लिहिलं नाही. बाण कोऱ्या जागेतूनच निघू दिला. मॅडमना काय सांगायचं, ते तिने अजून ठरवलं नव्हतं.