जागृतीने बोअरची गाडी थांबवली

माझी नणंद जागृती विदर्भात तांब्याचे साठे शोधते. जमिनीत वीज सोडायची आणि ती कुठे अडते, कुठे सहज जाते यावरून खाली काय असेल ते ओळखायचं, हे तिचं काम. मार्चमध्ये ती सुट्टीला लोधिवलीला आली, तेव्हा ऑफिसला विचारून यंत्रही घेऊन आली. आमच्या वस्तीची आधीची बोअर कोरडी गेली होती आणि यंदा आणखी एकच मारता येणार होती. टँकरच्या पाण्याने माझ्या सुरभीचं पोट सारखं बिघडायचं. त्यामुळे सगळ्यांत जास्त आस मीच लावून बसले होते.

तिला त्रास नको म्हणून शेजारच्या सखारामकाकांनी त्यांच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या कडेने आदल्या दिवशीच सरळ वाट साफ करून ठेवली होती. तिथे जागृतीने लोखंडी सळ्या ठोकल्या, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं, वायरी जोडल्या.

"वहिनी, सुरभीला उचल. करंट सोडतेय."

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

आकडे वाचता वाचता जागृती थांबली. पोल्ट्रीच्या मध्यावर वीज अगदी सहज जात होती.

"म्हंजे पानी?" सासूबाईंनी विचारलं.

"असू शकतं, आई."

"शकतं काय? हाय का नाय ते सांग."

तोवर काकांनी चौक गावातल्या बोअरवाल्याला फोन लावलासुद्धा. बोअरची गाडी आली, काकांनी चुन्याची फुली मारली. जागृती त्या फुलीवर जाऊन उभी राहिली.

"गाडी सुरू करू नका. इतके चांगले आकडे मला पटत नाहीत."

"हातावर नारळ धरून पानी बघनारा एका फेरीत सांगून गेलता," काका म्हणाले. "तुझं शिक्षान जास्त झालं गं."

"त्याने सांगितलेलीच बोअर कोरडी गेली ना, काका?"

बायका हसल्या. मला मात्र तिचा राग आला. पाणी हाताशी आलंय आणि ही आकड्यांचे लाड करतेय. तेवढ्यात कडेवरून उतरलेल्या सुरभीचा फ्रॉक वेलींत अडकला. सोडवायला गेले तर आत गंजलेली काटेरी तार.

"अगं, इथे तार आहे," मी ओरडले. मला काळजी धनुर्वाताची.

जागृती धावत आली. दोन्ही हातांनी वेली ओढल्या. तार वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, लोखंडी खांबांसकट.

"काका, हे कुंपण माहीत होतं तुम्हाला?"

"आमीच घातलंय की. पन तार वर, पानी खाली. त्यात सांगायचं काय?"

जागृती हसली नाही. "वीज जमिनीऐवजी या तारेतून गेली. चूक माझी आहे. मोजायच्या आधी मी सगळी वाट चालून बघायला हवी होती."

सगळ्या वस्तीसमोर, बोअरवाल्यासमोर, आज मंगळवार आहे म्हणावं तसं तिने ते सांगितलं. मी बघतच राहिले.

मग तिने कुंपणापासून लांब, काकांच्या भातखाचरांतून आडवी ओळ धरली. बांध चढत, उतरत, प्रत्येक सळी नव्याने ठोकत. गाडीवाला कुरकुरत होता. नव्या आकड्यांत फुलीच्या बाजूला नुसता कातळ दिसला. खालच्या खाचरात मात्र आकडे हळूहळू उतरत गेले, म्हणजे तिथे वीज सहज जात होती.

"इथे मारा. खात्री देत नाही. पण माझ्या घरची बोअर असती तर मी इथेच मारली असती."

गाडी सुरू झाली. पांढरी भुकटी उडायला लागली, बायकांनी पदर तोंडावर घेतले. जागृती मात्र जवळच बसून चिमूट चिमूट भुकटी बोटांत चोळून बघत होती.

"भुतावानी दिसतीस गं. लांब हो," सासूबाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने भुकटी दमट झाली. मग काळी ढेकळं आली, मग चिखल उसळला आणि त्यामागून पाणी.

काकांनी ओंजळ पुढे केली. जागृतीने पाणी निवळू दिलं, तपासणीसाठी बाटली भरली आणि माझ्याकडे वळली. "सुरभीला अजून देऊ नकोस, वहिनी. रिपोर्ट येऊ दे."

मी बरं म्हणाले. तिच्या चिखलाच्या हातांतच सुरभीला दिलं आणि गाडीवाल्यांसाठी चहा ठेवायला गेले.