हातभर मार्जिन

"आता या अंगणातून माशीसुद्धा जाणार नाही," टेलरमास्तरनं टेप गळ्यात अडकवत बायकोला सांगितलं, आणि तेवढ्यात दोघांच्या मधून पोस्टमन सायकल ढकलत निघून गेला. जाताना "जरा सरकता का" म्हणाला, एवढाच काय तो मान.

बसथांब्यावरून मागच्या गल्लीत जायला हे अंगण म्हणजे सगळ्यांना फुकटचा रस्ता. जाताजाता लोक ओसरीवरच्या मशीनपाशी डोकावायचे. मास्तरला पक्का संशय, की आपली कटिंग बघून हे लोक मागच्या गल्लीतल्या रफूवाल्याला जाऊन सांगतात. आज रफू करतोय, उद्या सूट शिवेल आणि आपली गिऱ्हाइकं पळवेल. या विचारानं त्याला जेवण जाईना.

म्हणून बाग. गुलाब आणि बोगनवेल, काटे बघून निवडलेली. मास्तरनं चुन्यानं कोटासारखी आखणी केली, डावा पल्ला, उजवा पल्ला. आणि हाताला जन्माची सवय, दोन्ही पल्ल्यांच्या मधे हातभर मार्जिन सोडलं. पुढं सैल करायची वेळ आली तर?

झाडं फोफावली. पूर्वी लोक निदान चोरासारखे जायचे, आता मधल्या मार्जिनमधून रांगेनं, फुलं हुंगत जायला लागले.

"अहो, तुम्ही तर दारच करून दिलंत त्यांना," बायको म्हणाली.

मास्तर पडद्याआड पाळतीला बसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की पलीकडे निघालेला प्रत्येक जण बाही नाहीतर पदर धरून थेट रफूवाल्याकडे वळतो. काट्यांनी फाडलेलं मास्तरकडे कोण आणणार? स्वतःच्या दारावर मास्तरनंच ऐटीत पाटी लावली होती, 'फाटके कपडे घेत नाही'.

एके सकाळी तर रफूवालाच झारी घेऊन गुलाबाला पाणी घालताना दिसला.

"माझ्या झाडांशी काय चाललंय तुझं?" मास्तर ओसरीवरून गरजला.

"सुकतील हो बिचारी," तो मायेनं म्हणाला. "मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू?"

मास्तर तरातरा त्याच्या अंगावर निघाला, जवळच्या वाटेनं, म्हणजे मार्जिनमधूनच. मागून टर्रकन आवाज आला. मग तो भिंतीला पाठ लावून, एकेक पाऊल सरकत घरात आला.

बायकोनं विजार पिशवीत घातली, दारावरची पाटी वाचली आणि मागच्या गल्लीत नेऊन दिली. उद्या मिळेल म्हणाला.