फुलाक्काची उफणणी

निवृत्त मास्तर गुरुदास रानभाज्यांवर पुस्तक लिहीत होते. छापखान्याची मुदत आज संपत होती आणि प्रोसेसर तापून त्यांचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. शेवटी त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आतल्या पंख्याचा वेग पूर्ण वाढवला, तेव्हा कुठे तो टिकला. एकच पान उरलं होतं, इतक्यात शेजारची फुलाक्का सुपात मळणीचा भात घेऊन आत आली आणि कॉम्प्युटरमागच्या वाऱ्यावर खुशाल उफणू लागली.

"भाईर वाराच न्हाई बघा, मास्तर. हितं झ्याक हाय!"

मास्तर घाईघाईनं शेवटचं पान टाइप करू लागले.

"जरा कमी करा की! दाणं बी उडायलेत."

मास्तरांनी ओशाळून वेग कमी केला. थोड्याच वेळात कॉम्प्युटर तापला, पडदा काळा झाला आणि मागचा पंखा मंदावत थांबायला आला.

"आता कसं," फुलाक्का म्हणाली, "बेतानं येतोय वारा."