पोटावर ‘भरलेला’ लिहिलेला कॅन

मी गाडीच्या डिकीत राहणारा पाण्याचा एक जुना, निळा कॅन आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. का गेला नाही, ते ऐका.

माझा जन्म फुंकरीतून झाला. गरम प्लास्टिकची मऊ नळी साच्यात धरली, आत जोरात हवा सोडली आणि मी फुगून साच्याच्या भिंतींना टेकलो. म्हणजे जन्मतः माझ्या पोटात हवाच होती. हवेने कुणाची तहान भागत नाही. आत पाणी असेल तरच मी कॅन, नाहीतर नुसता आकार.

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावातल्या एका दुकानातून यामिनीने मला घरी आणले. ती इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिचा नवरा भास्कर सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. गावाबाहेर पडले की लाल माती, खुरटी झाडे आणि सरळ रस्ता. मोबाइलला रेंज नाही. यामिनीने मला काठोकाठ भरले, बूच आवळले आणि काळ्या मार्करने माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘भरलेला’. दर वेळी सामान उपसून बघायला नको, म्हणून. तेव्हा मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटला होता!

काही वर्षे मी तो शब्द पाळला. वाटेत बंद पडलेल्या अनोळखी गाड्यांना मी पाणी दिले. यामिनी-भास्करची मुलगी कादंबरी लहान होती, तिचे मातीने माखलेले पाय धुतले. भास्कर मला थोपटून म्हणायचा, “हा आहे म्हणून निवांत झोप लागते.”

मग क्रिकेट आले.

रविवारी संध्याकाळी खाणीतली मराठी मंडळी मैदानावर जमत. एकदा स्टंप घरीच राहिले, म्हणून भास्करने मला उभे केले. पण टेप गुंडाळलेला बॉल लागला, की माझ्या भरल्या पोटातून नुसते ‘धप्’ व्हायचे. लगेच भांडण.

“लागला! आउट!” भास्करचा मित्र नंदू ओरडला.

“बॅटला लागून गेला तो,” भास्कर म्हणाला.

“बॅटला? या सीझनमध्ये तुझ्या बॅटला काही लागलंय का रे?”

सगळे हसले. नंदू तावातावाने माझ्याजवळ आला. “हा रिकामाच करतो. मग ढण्णकन वाजेल आणि कुणाला खोटं बोलता येणार नाही.” त्याने बूच काढून मला उलटे केले. इथल्या जमिनीने ते पाणी बघता बघता पिऊन टाकले. पुढच्याच बॉलला मी ढण्णकन वाजलो. भास्कर आउट झाला. खेळातले खरे-खोटे करण्यासाठी त्यांनी मला खोटे केले, मित्रांनो. पोटावरचा शब्द तसाच होता.

“कॅन डिकीत ठेवला रे!” जाताना नंदू ओरडला.

“नो वरीज!” भास्कर म्हणाला. झाले. एकाने ठेवला, दुसऱ्याला वाटले भरून ठेवला.

जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या, कडक उन्हात ती तिघे एस्परन्सच्या समुद्राकडे निघाली. माझ्यावर तंबू, छत्री आणि चिवड्याचा डबा. वाटेतल्या नॉर्समन गावी पेट्रोल भरताना यामिनी म्हणाली, “पाण्याच्या बाटल्या घेऊ या?”

“कशाला? मागे अख्खा कॅन आहे,” भास्कर म्हणाला.

मी ऐकत होतो. मला तोंड आहे, पण ते बुचाने बंद असते. त्या क्षणी मी संतापाने फुटलो असतो, तर बरे झाले असते.

नॉर्समन बरेच मागे पडले आणि इंजिनचा पाइप फुटला. बॉनेटखालून वाफ आली. रस्त्यावर कुणी नव्हते. घरून आणलेल्या छोट्या बाटल्या संपल्या. आधी कादंबरी चिडली, मग रडली, मग गप्प झाली. तिचा चेहरा लाल होता. तिला सावलीत निजवून यामिनीने नाडी बघितली आणि सावकाश म्हणाली, “भास्कर, कॅन आण. आत्ता.”

भास्करने सामान बाजूला फेकले. भरलेला कॅन उचलायचा म्हणून पाय रोवले आणि दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावला. मी पिसासारखा वर उडालो, डिकीच्या झाकणावर आपटलो आणि तो पाठीवर पडला. तेव्हाही मी ढण्णकन वाजलो.

यामिनीने वळून पाहिले. “तू बघितलं नव्हतंस?”

“लिहिलंय ना त्यावर,” तो जमिनीवरूनच म्हणाला.

यामिनीची नजर माझ्या पोटावर गेली. अक्षर तिचेच होते.

किती तरी वेळाने एक लांबलचक ट्रक थांबला. तो चालवणाऱ्या बाईने पाणी आणले. यामिनीने कादंबरीला घोट घोट पाजले, ओल्या ओढणीने तिचे अंग पुसले. तिचे डोळे उघडले, तेव्हा कुठे भास्करला रडू फुटले. बाईने मला पायाने ढकलले. मी लोळत गेलो. “व्हॉट्स इट से, मेट?” तिने भास्करला विचारले.

आईच्या मांडीवरून कादंबरी म्हणाली, “इट सेज फुल.”

बाई हसली नाही. आजवर बॉलचा एवढा मार खाल्ला, पण तेवढी लाज कधी वाटली नव्हती. मी नसतो, तर त्यांनी बाटल्या घेतल्या असत्या!

घरी आल्यावर यामिनीने स्पिरिट घेऊन तो शब्द घासून पुसला. नंदू मात्र अजून म्हणतो, “अरे, तो कॅनचा किस्सा सांग ना!” आणि मंडळी हसतात. म्हणून माझा राग जात नाही. जिला तहान लागली होती, ती हसत नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव सोपवायचा, त्याच्यावर काय लिहिले आहे ते वाचून थांबू नका. हात लावा. उचलून बघा.

आता प्रवासाला निघताना सगळ्यांत आधी कादंबरी डिकीत वाकते. दोन्ही हातांनी माझा कान धरते, दात-ओठ खाऊन ओढते. मी तसूभरही हलत नाही.

“हलत नाहीये, बाबा! लेट्स गो!”

मगच भास्कर किल्ली फिरवतो.