झोपलेल्या बाईचा डावा डोळा

आकाशात पोहणारा मासा. गोंदाचा वास. कपाटाची किल्ली. साठ साड्या. एक निळी टिकली.

मित्रांनो, मी एक जुने चित्रकोडे आहे. तुकडे जुळवले की माझ्यात एक स्वप्न दिसते: झोपलेली बाई, तिच्या उशीतून वर गेलेली शिडी, शिडीच्या टोकाला मासा. खोक्यावर लिहिले आहे: तुकडे पाचशे.

१९९६. सुरत, डिंडोली. मराठी शाळेतल्या शोभाबाईंनी माझा अजून न उघडलेला खोका दिवाळीच्या सुट्टीपुरता वर्षाला दिला.

"सगळे तुकडे परत आण. मग पुस्तकांच्या कपाटाची किल्ली वर्षभर तुझ्याकडे."

वर्षाच्या एका खोलीच्या घरात तिची आई धुरपदाबाई साड्यांवर टिकल्या चिकटवायची. शेजारी पुठ्ठ्यावर मी.

"हाऊ मासा आभायमा काय करी ऱ्हायना वं?"

"सपन शे ते, माय."

"मन्हा सपनमा तर टिकल्याच येतस."

पाचव्या दिवशी मी जुळले. फक्त बाईच्या डाव्या डोळ्याच्या जागी भोक.

वर्षाने अंथरुणे झटकली, केर चाळला. मग दोघींच्या मनात एकच आले. गोंद. ओल्या गोंदाला चिकटून तुकडा साडीबरोबर गेला असणार. साठ साड्यांचा गठ्ठा कालच शेठकडे पोचला होता.

धुरपदाबाई तिथे जाऊन एकेक घडी मोडू लागली. शेठ हसला.

"धुरपदाबेन, एक टुकडा माटे आखो माल खोलशो?"

"खोलसू. पोरगीनी किल्ली शे त्यामा."

साठही साड्या तिने उलगडल्या. साठांच्याही पुन्हा घड्या घातल्या. तुकडा नव्हता.

घरी येऊन तिने साडीच्या घडीत घालतात तो पुठ्ठा घेतला, भोकावर धरून कापला आणि त्यावर निळी टिकली चिकटवली. चित्रातली बाई एका डोळ्याने जागी झाली.

सुट्टी संपली. वर्षाने खोका बाईंच्या टेबलावर ठेवला.

"बाई, एक तुकडा आमच्याकडून हरवला. हा आईने केलाय."

शोभाबाईंनी टिकलीवरून बोट फिरवले. किल्ली वर्गातल्या चेतनला मिळाली.

त्यानंतर मला कुणी जुळवले नाही. मी त्याच कपाटात, वरच्या फळीवर आहे. मित्रांनो, वस्तू जपा. पण ती कुणाच्या हाती देताना त्याच्यासमोर मोजून द्या, आणि घेताना मोजून घ्या.

कारखान्यात माझा खोका बंद झाला, तेव्हा आत चारशे नव्याण्णव तुकडे होते.