पाठीवरचा डबा

त्या दिवशी सकाळी माझ्या मालकांनी मला गुरांच्या हौदात बुडवलं, वरून गुडघ्यानं दाबून धरलं आणि ते पाण्याकडे टक लावून बसले. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, डबा धुणं चाललं असेल. तसं नव्हतं. ती माझी परीक्षा होती. सांध्यातून एक जरी बुडबुडा वर आला, तर तो डबा खोटा. तो लेकराच्या पाठीला बांधायचा नाही.

मी गोडेतेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा. आता जुना झालो आहे, एका कुशीला पोचा पडला आहे. ज्याची किंमत एका बुडबुड्यावर ठरते, त्याचा स्वभाव संशयी होणारच. माझाही झाला. माझ्या मालकांवरही मला वर्षानुवर्षं संशय होता. कारण ज्या भोकातून त्या सकाळी बुडबुडे आले, ते त्यांनीच पाडलेलं होतं.

"काय बघून राहिले एवढं?" पारुबाईंनी, म्हणजे मालकीणबाईंनी विचारलं.

"डबा गळून राहिला."

"गळू द्या. कोणाला बांधायचा हाय आता? पोरगी मास्तरीण झाली."

"धरणात पोहणार हाय म्हणती ना."

"ती म्हणाली, डबा आणू नका. लोकं हसतील."

"हसू दे लोकायला," मालक म्हणाले. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला जाणारी जीप धरली.

तो त्यांचा शेवटचा साधा दिवस होता. पण त्याआधीचं सांगतो.

तेल संपल्यावर गोरेगावच्या एका दुकानाच्या मागे मी उपडा पडलो होतो. तिथून मला भीमसिंग, म्हणजे माझे मालक, पुसेगावच्या बाजूला असलेल्या आपल्या तांड्यावर घेऊन निघाले. निघताना त्यांनी तिथल्याच नासेरभाईंच्या दुकानात माझं तोंड पत्र्यानं बंद करून घेतलं. नासेरभाई डब्यांना, कंदिलांना, घागरींना कथील वितळवून डाख लावायचे. त्यांनी सांधे असे झाळले की आत कोंडलेली हवा आजवर माझ्याजवळ आहे, असं मी म्हणालो असतो. तसं म्हणता येत नाही. का, ते पुढे कळेल.

त्या वेळी शिवकन्या नऊ वर्षांची होती. मालकांची तिसरी मुलगी. आमच्याकडे लेकरं विहिरीत पोहायला शिकतात, ती अशी: पाठीवर बंद डबा, पोटावरून दोर, आणि काठावर बसलेलं मोठं माणूस. मी तिच्या पाठीवर बसलो की ती बुडायची नाही. पाय झाडायची, ओरडायची, हसायची. मालक पायरीवर बसून म्हणायचे, "हात मार. हात मार. डब्याला काय बघून राहिली?"

एके दिवशी मालकांची बहीण केशरबाई धुणं घेऊन विहिरीवर आली. तिला चेष्टेची सवय होती.

"भाऊ, तीन पोरी झाल्या तुला. एखादी राहिली हिरीत, तर कोण मोजणार हाय?"

मालक हसले. नुसतं हसले. शिवकन्या पाण्यात होती, पण मित्रांनो, पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो. तिचे पाय एकदम थांबले, ते मला पाठीवर जाणवलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मालकांनी एक खिळा माझ्या झाकणावर ठेवला आणि दगडानं ठोकला. मला काही समजेना. ज्या माणसानं पाठीला बांधण्याआधी बुडबुड्यासाठी मला इतकं तपासलं होतं, तोच मला भोक पाडत होता. त्यांनी आत थोडं पाणी ओतलं, भोकात मेण दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी काही न बोलता मला तिच्या पाठीला बांधलं. पुढे रोज थोडं पाणी वाढत गेलं. मी रोज थोडा जड होत गेलो. ती रोज थोडी खाली बसत गेली, आणि तितकेच जास्त हात मारत गेली. मला वाटायचं, हा माणूस काय करतो आहे? केशरबाईचं बोलणं त्यानं मनावर तर घेतलं नाही?

एका सकाळी ती विहिरीचे तीन फेरे मारून पायरीवर येऊन टेकली. रोज मला मालकच सोडून घ्यायचे, पण त्या दिवशी ते पाठ फिरवून पाय धूत होते. तिनं दोर सोडला, मला उचलायला गेली, आणि मी तिला उचलवेना. तिनं मला हलवलं. आत पाणी वाजलं. तिनं बोटानं चाचपून मेण शोधलं, नखानं काढलं, मला आडवा केला. बारीक धार लागली. ती धार थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं मेण परत जागेवर दाबलं, आणि कुणाला एक शब्दही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर आली. मालकांनी दोर हातात घेतला, तर ती म्हणाली, "डबा नको." आणि तशीच उडी मारली.

मालकांना वाटलं, पोरगी धीट झाली. मला वाटलं, तिचा भरवसा उडाला. दोघांपैकी कुणीही तिला विचारलं नाही.

त्यानंतर माझं काम संपलं. मी गोठ्यातल्या माळ्यावर गेलो. माझ्यावर कोंबड्या बसल्या. होळीला तांड्यावरच्या पोरांनी लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणताना मला ढोलासारखा बडवला, तो पोचा तेव्हाचा. शिवकन्या शिकली, हिंगोलीत शाळेवर लागली. घरी यायची, वागायला चांगली होती, पण बापाशी जेवढ्यास तेवढंच बोलायची. त्यांनी तिला दूध दिलं, तरी आधी पेल्यात डोकावून बघायची. ही सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. कारण फक्त मला ठाऊक होतं.

एका रविवारी ती आली आणि म्हणाली, धरणावर ट्रायथलॉन नावाची शर्यत आहे, नवशिक्यांसाठी. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल, मग पळायचं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिन्ही एकाच दिवशी? काहून?"

"शर्यतच तशी असते, बापू."

"आन् दंडावर नंबर टाकतात म्हणती. बाजारातल्या बैलावानी?"

"ओळखू यावं म्हणून."

"म्हंजे बुडलं तर ओळखू यावं!"

पारुबाई हसल्या. शिवकन्याही हसली. ती सांगत होती, पहाटे रस्त्यानं पळायला लागले की मोटारसायकलवाले थांबून विचारतात, "ताई, कोण लागलंय माघं?" बाई उगीच पळेल, यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. मग ती गंभीर झाली. "बापू, तुमी या बघायला. पण तो डबा आणू नका."

आता त्या शेवटच्या दिवसाकडे येतो. नासेरभाईंनी मला फिरवून पाहिलं, भोकावर अंगठा ठेवला आणि मालकांकडे संशयानं बघितलं.

"हे गंजाचं न्हाई, भीमसिंग. खिळ्याचं हाय. कोणी दुश्मनी काढली डब्यावर?"

"मीच मारला खिळा."

"काहून?"

मालकांनी मला स्वतःकडे वळवलं. मग म्हणाले, "पोरगी पोहायला शिकली होती, नासेर. पण तिला वाटायचं, डबाच पोहून राहिला. सांगितलं असतं तर भ्याली असती. म्हून रोज थोडं पाणी घातलं. शेवटी डब्यात निस्तं पाणी होतं. मालूम न्हाई तिला अजून."

"मग आता बुजवतो काहून? तिला तर डबा लागत न्हाई."

"तिला न्हाई लागत," मालक म्हणाले. "मला लागतो. ती पाण्यात असताना मी काठावर रिकाम्या हातानं बसू का?"

नासेरभाई हसले. म्हणाले, "आत ओल हाय. सुकला की डाख लावतो. उद्या ये."

मित्रांनो, मला त्या दुकानात, जुन्या कंदिलांच्या शेजारी, माझ्या संशयाची लाज वाटली. उद्या मालकांच्या खांद्यावरून घरी जायचं, असं मी ठरवलं होतं. पण मालक आले नाहीत. पहाटे शेतात पाणी धरताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते बांधावरच गेले.

तेराव्यानंतर नासेरभाई मला घेऊन तांड्यावर आले. शिवकन्या ओट्यावर होती. तिनं झाकणावरचा नवा, चकचकीत डाख पाहिला.

"हे भोक कोणी बुजवलं?"

"मी. बापूनं सांगितलं होतं तुझ्या." आणि नासेरभाईंनी त्या दिवशीचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. फक्त एकदा तिनं मला कानाजवळ धरून हलवलं. आत काही वाजलं नाही.

शर्यतीला जायचं नाही, असं केशरबाई म्हणाली. सुतकातून उठलेली पोरगी तंग कपड्यात पाण्यात उतरणार, लोकं काय म्हणतील? पारुबाई म्हणाल्या, "लोकायला मी सांगते काय म्हणायचं ते." आणि मला कडेवर घेऊन त्या स्वतःच धरणावर आल्या. तिथला टोपीवाला स्वयंसेवक धावत आला.

"मावशी, तेल विकायला मनाई आहे इथं."

"तेल न्हाई. हवा हाय."

त्यानं माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं आणि तो निघून गेला.

शिट्टी वाजली. शिवकन्या सगळ्यांच्या मागून पाण्यात शिरली. विहिरीला चार भिंती असतात, धरणाला नसतात. वळायची खूण म्हणून पाण्यात सोडलेल्या लाल फुग्याजवळ पोहोचायच्या आधीच ती थांबली. नुसतं डोकं वर. होडीतला माणूस ओरडला, "मॅडम, वर येता का? होडीत आलात तर शर्यत संपली बरं का!" तिचा एक हात मागे गेला आणि खांद्यापाशी काहीतरी चाचपू लागला. तिथं मी नव्हतो. पारुबाईंनी दोराचं टोक मुठीत धरून मला काठच्या पाण्यात सोडलं होतं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पाण्यावर होतो, हलका, कोरडा, पण पाठ नसलेला. आमच्या मध्ये सगळं धरण होतं.

मग तिचा हात पुढे आला. पुन्हा दुसरा हात. मी ते हात ओळखले.

सायकलची चेन उतरली, ती तिनं रस्त्यात बसून चढवली. पळताना ती बरीच चालली, असं लोक म्हणाले. ती आली, तेव्हा खुर्च्या गोळा करायला सुरुवात झाली होती. टोपीवाल्यानं विचारलं, "मधूनच तर नाही ना वळलात?" तिनं मनगट वर केलं. वळणावर बांधतात तो रबराचा पट्टा तिथं होता. त्यानं तो ओढून पाहिला, आणि मगच तिच्या गळ्यात पदक घातलं. सगळ्यात शेवटची, पण पूर्ण.

ती काठावर आमच्याजवळ येऊन बसली. पाय काळवंडलेले, दंडावरचा नंबर पसरलेला. पारुबाई चहा आणायला गेल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात, माळ्यावर, एखादी वस्तू पडून असेल. ती गंजण्याआधी खाली उतरवा, पुसा. आणि तिच्याबद्दल मनात काही अडलं असेल, तर ज्यांनी ती हाताळली, ते अंगणात बसलेले असतानाच विचारून घ्या. डबा उत्तर देऊ शकत नाही. मी कितीदा प्रयत्न केला.

शिवकन्येनं मला पाण्यातून ओढून मांडीवर घेतलं. डाखावरून अंगठा फिरवला. आजूबाजूला माणसं होती, तरी ती मोठ्यानं बोलली.

"बापू, मला त्याच दिवशी कळलं होतं, डब्यात पाणी हाय म्हून. मला वाटलं, तुमी मला बुडवून राहिले. तरी दुसऱ्या दिवशी डबा सोडून उडी मारली, बापू. काठावर तुमी बसलेले होते म्हून मारली."